आदरणीय सहकाऱ्याची कवळी

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तो खुर्चीत बसूनच घातला आहे. मी आडवा झालो असे मनाने धरून चालावे.) मामींनाही तेवढाच. तुमचा गुडघा, मामींचा नवा चष्मा आणि स्वयंपाकघरातला तो ठिबकणारा नळ, सगळे आपापल्या जागी ठीक असेल अशी आशा आहे. मी केलेली कवळी कशी आहे, हे दर रविवारी जेवायला आलो की मी विचारतोच, आणि तुम्ही "झकास" म्हणून माझ्यासमोर सफरचंदाचा तुकडा तोडून दाखवता. तेव्हा पत्रातून पुन्हा विचारायचे काही कारण नव्हते. आता कारण आहे. समोरासमोर हे माझ्याच्याने बोलवणार नाही आणि फोन मामी उचलतात, म्हणून लिहितो आहे. अक्षराला हसू नये.

आमच्या कवळी बनवणाऱ्यांच्या संघटनेची ई-मेलची चर्चायादी आहे, हे मी तुम्हाला सांगितले आहे. (तुम्ही ऐकले नसेल. जेवताना सांगितले होते.) एकाने मेल लिहिली की ती सगळ्या सभासदांना जाते. मग कोणी मेणाबद्दल विचारतो, कोणी प्लास्टरला चिरा का जातात ते सांगतो. मला त्या यादीची फार ओढ आहे. माझी कार्यशाळा तळघरात, खिडकी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे जोडे दिसतील एवढी, आणि दिवसभर सोबत कोणाची, तर फळीवर मांडलेल्या प्लास्टरच्या जबड्यांची. ते सगळे आ वासून बसलेले असतात आणि बोलत कोणीच नाही. संध्याकाळी पॉलिशची मोटर बंद करून यादी उघडली की मला माणसांत आल्यासारखे वाटते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे काही केले ते वेडेपणाने केले असे तुम्ही म्हणणार नाही. निदान लगेच म्हणणार नाही.

तर मध्यंतरी या यादीवर हिरड्यांच्या रंगावरून भांडण पेटले. कवळीची हिरडी फिकी असावी की गडद, एवढाच प्रश्न. बघता बघता एकाने दुसऱ्याला रंगारी म्हटले, दुसऱ्याने पहिल्याच्या कवळ्या गुरांना छान बसतील असे लिहिले, तिसरा सोडवायला मध्ये पडला तर दोघांनी मिळून त्याच्या वडिलांपर्यंत मजल मारली. आमच्यातले एक वयस्क गृहस्थ, जे एरवी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतात, त्यांनी असा एक शब्द वापरला की तो मी तुम्हाला लिहू शकत नाही. तुमचे कुलपांचे दुकान होते तेव्हा एखादे कुलूप अडून बसले की तुम्ही जो वापरायचात, तोच. मी थक्क झालो. अध्यक्षबाई तर हादरल्याच. त्यांनी मला बोलावून सांगितले की यादीवर आदराने कसे वागावे याचे नियम करायचे आणि ते मी करायचे, कारण अख्ख्या भांडणात एकही वाईट शब्द न लिहिणारा सभासद मी एकटा होतो. (त्या आठवड्यात माझे इंटरनेट बंद होते. पण हे सांगून त्यांचा माणसांवरचा उरलासुरला विश्वास मोडावा असे मला वाटले नाही.)

नियम मी मन लावून लिहिले. प्रत्येकाने प्रत्येकाला 'आदरणीय सहकारी' म्हणावे. कोणाच्या कामातली खोट काढायची तर आधी त्यातली निदान एक चांगली गोष्ट सांगावी. बोलावे ते कामाबद्दल, माणसाबद्दल नाही. कारागिराचे नाव घेऊ नये आणि कवळी ज्याच्या तोंडातली आहे त्याचे तर मुळीच नाही. रागाच्या भरात लिहिलेली मेल लगेच धाडू नये, प्लास्टरचा एक साचा ओतावा आणि तो सुकेपर्यंत थांबावे. (हा नियम माझा मलाच फार आवडला होता. अध्यक्षबाईंनी तो मोठ्याने वाचला, आणि मग पुन्हा वाचला.) नियम मोडला तर सर्वांदेखत ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीला यादीतून नाव कमी. यावर देखरेख करायला आदर समिती नेमली. तिच्यात यायला दुसरे कोणी तयार होईना, म्हणून समिती म्हणजे मी. प्रत्येक मेल आधी माझ्याकडे येते, मी ती नियमांशी ताडून बघतो आणि मगच पुढे सोडतो.

मामा, माणसे इतक्या आदराने इतके वाईट बोलू शकतात हे मला या वयापर्यंत ठाऊक नव्हते. 'आदरणीय सहकाऱ्यांच्या हातांनी आजवर पुष्कळ काम केले, आता त्यांना कायमची विश्रांती मिळावी ही सदिच्छा.' 'आदरणीय सहकाऱ्यांची मेल वाचली की मला स्वतःच्या बुद्धीबद्दल नेहमीच समाधान वाटते.' एक शब्द धरता येईल तर शपथ. एकाने तर झटपट सुकणारे प्लास्टर मागवले. मी चकित होऊन एकेक मेल पुढे सोडत राहिलो, आणि फळीवरच्या जबड्यांत आणि माझ्यात काही फरक उरला नाही.

आणि परवा चकाकीची मेल आली. चकाकी म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला कार्यशाळा असलेला आमचा एक सभासद. कवळ्यांना इतके पॉलिश करतो की त्याचे गिऱ्हाईक हसले की समोरच्याला डोळे मिटावे लागतात, म्हणून आम्ही त्याला हे नाव ठेवले आहे. (यादीवर नाही, अर्थातच.) त्याने एका कवळीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिले होते की आदरणीय सहकाऱ्यांनो, हे आपल्यापैकीच कोणाचे तरी काम. नियमाप्रमाणे आधी एक चांगली गोष्ट सांगतो, डबी सुंदर आहे. पुढे मग पुढचा दात कसा तिरका बसवला आहे, आतली बाजू कशी रानटीपणे खरवडली आहे, आणि हे तोंडात घालून फिरणाऱ्या गरीब म्हाताऱ्याचे काय होत असेल, हे सविस्तर. नियमात सगळे चोख बसत होते. मी मेल सोडायला बोट उचलले आणि डबीकडे माझे लक्ष गेले.

टिनची निळी डबी, झाकणावर बदक, बदकाच्या चोचीचा रंग उडालेला. मामींची बटणांची डबी. लहानपणी तुमच्या दुकानात बसून मी तिच्यातल्या बटणांच्या रांगा लावत असे. आणि त्या डबीत ती कवळी. पुढचा तो दात मी दर वेळी सरळ केला होता आणि दर वेळी तुम्ही तो पुन्हा तिरका करायला लावला होता, कारण तुमचा स्वतःचा तसाच होता आणि सरळ दातांचा माणूस मामी घरात घेणार नाहीत असे तुमचे म्हणणे. मी ताडकन उठलो आणि तसाच मटकन बसलो, पण खुर्चीला चाके आहेत आणि ती तोवर मागे निघून गेली होती. कंबर धरली ती तेव्हा.

यापुढचे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण तुम्ही घरचे आहात. ती मेल मी सोडली. काय करणार, अडवायला कारण हवे ना. मग उत्तरे सुरू झाली आणि तीही एकेक करून माझ्याच हातून गेली. एकाने लिहिले की सुतारकामाच्या परीक्षेत हे काम नक्की पास झाले असते. दुसऱ्याला तिरक्या दातावरून कारागिराचा हात कापत असावा अशी शंका आली, तर तिसऱ्याने त्याची नजरही तपासून घ्यावी असे प्रेमाने सुचवले. बायकांपैकी एक फार सज्जन आहेत, त्यांनी तर तो आजारी सहकारी सापडला की त्याला फुले पाठवू या असे लिहिले आणि त्याला भराभर अनुमोदन मिळाले. माझ्या स्वतःच्या आजारपणाच्या फुलांना मी स्वतः परवानगी दिली, मामा. असा धक्का मला आजवर बसला नव्हता.

मग माझा तोल गेला. मी प्लास्टर ओतले नाही, 'आदरणीय'सुद्धा लिहिले नाही. चकाकीला लिहिले की तुझे डोके त्या पॉलिशच्या मोटरवर धर, आतून काही निघाले तर यादीला कळव. आणि समितीने, म्हणजे मी, ती मेल तत्काळ पुढे सोडली. मेल गेल्यावर मग भान आले. नियम म्हणजे नियम, तेव्हा मी स्वतःला सर्वांदेखत पहिली ताकीद दिली. ताकिदीविरुद्ध दाद मागायची सोय नियमात आहे, म्हणून मी समितीकडे दाद मागितली. त्या अर्जात समितीला काम कळत नाही असे माझ्या हातून लिहून गेले. समितीने अर्ज फेटाळला आणि समितीचा अपमान केल्याबद्दल मला दुसरी ताकीद दिली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर फिरून का येत नाही?" आता एक ताकीद राहिली आहे. ती मिळाली की यादी गेली, आणि संध्याकाळी मोटर बंद केल्यावर मी आणि ते जबडे.

आणि खरे सांगू, यात माझी काही चूक नाही. आतल्या बाजूचे ते ओरखडे मी नीट पाहिले. आमच्या धंद्यात तसले हत्यारच नाही. ती किल्ल्या घासायची बारीक कानस आहे, आणि ती या शहरात कोणाच्या खणात आहे हे मला माहीत आहे. ज्या हातांनी जन्मभर लोकांच्या किल्ल्या कुलपात बसवल्या, त्या हातांना वाटले असणार की टाळूही तशीच बसवता येते. बरे, घासली तर घासली. मग माझ्याकडे यायचे सोडून त्या चकाकीकडे? आपला माणूस तळघरात बसलेला असताना? मला काय वाटले असेल याचा विचार तुम्ही केला नाही. असो. मी काही मागत नाही, फक्त तुमच्या कानावर घातले. लोभ होता तसाच राहू द्यावा. कवळी काही होती तशी राहिलेली नाही.

तुमचा भाचा
(अजून तरी सभासद)

ता. क. एक अगदी बारीकसे काम होते. सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर मी तुमच्या वतीने लिहून ठेवले आहे की आदरणीय सहकाऱ्यांनो, मी निवृत्त कुलूपवाला असून सदर कवळी मीच कानशीने बिघडवली, तिरका दात माझ्या हट्टापायी आहे, आणि मूळ काम उत्तमच होते. तुम्ही खाली सही तेवढी करायची, म्हणजे मी तो यादीवर टाकतो. 'उत्तमच'च्या जागी तुम्हाला 'अप्रतिम' सुचले तर माझी हरकत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मामींचा फोन आला. डबी रिकामी झाली असेल तर बटणे परत भरू का, हे त्या मला विचारत होत्या, कारण डबीचे तुम्ही त्यांना काहीच सांगत नाही. मग बोलता बोलता सगळेच बाहेर आले. कवळी पहिल्या दिवसापासून डावीकडे टोचत होती. रविवारी तुम्ही माझ्यादेखत सफरचंद खायचात आणि मी जिना उतरलो की कवळी काढून गालाला हात लावून बसायचात. मामी म्हणाल्या, "अरे, तू किती आनंदाने विचारतोस. त्यांना सांगवेना." कानस लावली ती मला कळू नये म्हणून, आणि चकाकीकडे गेलात तेही मला कळू नये म्हणूनच. तिथे चकाकी फोटो काढून झाल्यावर ज्याने ही केली त्याच्याबद्दल बोलायला लागला, तर तुम्ही त्याला म्हणालात म्हणे की त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, आणि डबी उचलून तसेच दुखऱ्या हिरडीने बसने घरी आलात. मी फोन ठेवला आणि तुमच्या जबड्याचा साचा फळीवरून काढून पाहिला. डावीकडे तो उंच आहे. दिसतो आहे. मला वाईट वाटते आहे, मामा.

ता. क. शेवटचा. तो जोडलेला कागद फाडून टाकला आहे, शोधू नका. यादीवर मी लिहिले की आदरणीय सहकाऱ्यांनो, ही कवळी मी केली, ती माझ्या मामांची आहे, आणि तुम्ही काढलेल्या खोटी खऱ्या आहेत, तिरका दात सोडून. (लिहून झाल्यावर साचा ओतला आणि तो सुकेपर्यंत थांबलो. तो सुकल्यावर आणखी एक ओतला.) कारागिराचे नाव आणि तोंडाच्या मालकाचे नाते, दोन्ही एकाच मेलमध्ये, तेव्हा तिसऱ्या ताकिदीला वाव होताच. नाव कमी करण्याआधी त्या वयस्क गृहस्थांची मेल आली. त्यात तोच शब्द होता, कुलपाचा, आणि पुढे, 'काम सुधार आणि परत ये.' समितीने ती अडवायला हवी होती. समितीने ती पुढे सोडली, आणि मग मी माझे नाव काढले. पत्र मिळताच निळी डबी घेऊन या. तिरका दात तसाच ठेवीन. आणि कुठे टोचते ते या खेपेला चांगल्या शिव्या घालून सांगा. आदराने सांगितलेले मला कळत नाही.