विजेची बाहेर पडायची वाट

पुणे,
दि. १६ ऑक्टोबर २०२४

चि. रंजीता हिस मारोतरावाचे मन भरून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुहा आवाज माह्या कानात शिरत नाई. तुही आई मधात उभी राहून तुहं बोलनं ओरडून सांगते, तर त्यातलं अर्धं तिचंच असते. म्हणून हे पत्र. तू हैदराबादेत विमानं तपासनारी इंजिनेर, तुले कागद पाहून हसू येईल. येऊ दे, पन उत्तर कागदावरच धाड.

तुही बहीन रूपाली अन् बाळ दोघी खुशाल. पोरगी गुटगुटीत हाये, नाक तुह्यासारखं, रडनं तुह्या आईसारखं. नाव आर्वी ठेवलं. ठेवलं म्हनतो, कारन ठेवताना मी नव्हतो. पाळन्याची दोरी हलवून झाली, घुगऱ्या वाटून झाल्या, अन् आजा नागपुरात बसून राह्यला!

झालं असं. तुही आई बाळंतपनाले आधीच पुण्यात आली होती, म्हणून मी एकटाच भल्या सकाळी आदिलाबादहून निघालो, पांढरकवड्यावरून नागपूर गाठलं. जल्मात पयलं विमान, म्हणून नवा सदरा अन् इस्त्रीचं धोतर. पिशवीत आपल्या वावरातले वांगे अन् बाळंतिणीचे डिंकाचे लाडू. तपासनीवरच्या बाईनं डबा उघडून वास घेतला अन् हसून सोडला. आत जाऊन बसलो. काचेतून आभाळ पाह्यलं तर घासलेल्या परातीसारखं लख्ख. अन् पाटीवर लाल अक्षरं आली, विमान रद्द. काऊन म्हणून विचारलं तर काउंटरवरची पोरगी म्हने हवामान खराब हाये. लोकं तिले आभाळ दाखवून दाखवून हासले. मंग बऱ्याच वेळानं तीच पोरगी सांगे की नाई, विमानातच बिघाड हाये, अन् आता सगळ्यायले हॉटेल अन् जेवन भेटन. एका तोंडात दोन जिभा!

बाजूले यवतमाळकडचा एक कापसाचा व्यापारी होता. तो म्हने की या लोकायले विमान रद्द न करन्याचं बक्षीस असते, म्हणून ते कारनं फिरवत राहतेत. मले बी चेव आला. उभा राहून म्हनलं की ज्यानं कोनी हे विमान अडवून ठेवलं त्याले त्याच्या ताटातली भाकर गोड लागू नये. लोकायनं टाळ्या वाजवल्या. हॉटेलातल्या गादीवर मी झोपलो का बुडालो ते कळलं नाई, पन राग काई बुडाला नाई.

दुसऱ्या दिवशी उडालो. आता ते कसं सांगू? जमीन सुटली तवा मी लाडवाचा डबा पोटाशी धरला. अन् मंग खाली पाह्यलं. ढगाची सावली वावरावावरातून चालून राह्यली होती. जल्मभर त्या सावलीखाली उभं राहून मी तिले थांब म्हनत आलो. वरून दिसलं की वावर कोनाचं, धुऱ्याचा बांध कोनाचा, तिले काईच ठाऊक नाई. पुण्याजवळ आलो तर लांब एक ढग उभा होता, डोंगराएवढा, अन् त्याच्या पोटात वीज पेटून पेटून इझत होती. आवाज नाई. आमी वीज नेहमी खालून, मान वर करून पाह्यली. तिच्या बरोबरीले बसून कधी पाह्यली नव्हती. बाजूच्या बाईनं विचारलं की बाबा, भेव वाटते का. मी तिले बोटानं तो ढग दाखवला.

तर तू त्या धंद्यातली, खरं कारन काय होतं ते शोधून लिही. आईचे आशीर्वाद. माया हाये ती हायेच, ती काई कागदावर मोजून धाडत नाई.

तुहा बाबा,
मारोतराव

---

हैदराबाद,
दि. २२ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांच्या चरणी रंजीताचा दंडवत. वि. वि.

पत्र पोहोचलं. दोनदा हसले आणि मग बराच वेळ हसले नाही. बाबा, कारण शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. ते विमान मी अडवलं.

तुमचं विमान नागपूरचं नव्हतंच. एकच विमान दिवसभर गावोगाव फिरतं. ते सकाळी हैदराबादहून नागपूरला यायचं, तुम्हाला घ्यायचं आणि पुण्याला जायचं. इथून निघालं नाही म्हणून तिथे आलं नाही. नागपूरचं आभाळ लख्ख असून काय उपयोग!

आदल्या संध्याकाळी ते विशाखापट्टणहून येताना वैमानिकाला मोठा झगझगाट दिसला आणि दणका ऐकू आला. उतरल्यावर त्याने वीज पडल्याचं कळवलं. वीज पडलेलं विमान तपासल्याशिवाय उडवायचं नाही असा नियम आहे, आणि सकाळची पाळी माझी होती. नाकापाशी, वैमानिकाच्या खिडकीखाली मला खूण सापडली. ज्वारीच्या दाण्याएवढी, काळी, कडेनं वितळलेली. तिच्यामागे वीतभर अंतरावर दुसरी, मग तिसरी, अशी पोटाखालून मागे गेलेली ओळ. वीज एका जागी टेकते, पण विमान पुढे पळत असतं, म्हणून ती टेकत टेकत मागे सरकते. मी आजवर हे पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी त्या ओळीवर बोट ठेवत चालत गेले आणि अंगावर काटा आला. आभाळ फाटेल एवढी वीज या पत्र्यावरून धावत गेली, आणि त्याच वेळी आत कोणी पोराला दूध पाजत असेल, कोणी घोरत असेल. आतल्या एकाच्याही केसाला धक्का लागला नाही.

पण वीज शिरली तर ती कुठून तरी बाहेरही पडते. ती जागा मला सापडेना. ओळ शेपटीकडे गेली आणि हरवली. शेपटी तीन मजली घराएवढी उंच, वर जायला उचलणारी गाडी लागते, आणि ती गाडी दुसरीकडे अडकली होती. सुधाकरराव आमचे वरिष्ठ. आपल्याकडच्या निर्मल गावचे आहेत, मला हाताला धरून काम शिकवलेले. ते म्हणाले की खालून दुर्बिणीतून शेपटी ठीक दिसते, विमान काल या खुणा घेऊनच सुखरूप उतरलं, सही करून टाक. मी म्हटलं, बाहेर पडायची वाट दिसल्याशिवाय नाही.

तुमच्या कापूसवाल्यानं बक्षिसाचं सांगितलं ते खरं आहे. तीन महिने एकही विमान आमच्या बिघाडामुळे रद्द झालं नाही, तर इथल्या सगळ्यांना बक्षीस मिळतं. इंजिनिअरपासून विमान झाडणाऱ्या बायांपर्यंत. थोडेच दिवस उरले होते. सुधाकरराव वाईट माणूस नाही, बाबा. साऱ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागलेले. ते म्हणाले की बरं, नको करू सही, पण कारण हवामान असं कळव, वीज म्हणजे हवामानच की, खोटं कुठे आहे? हवामानानं रद्द झालं तर बक्षीस जात नाही. मी विचारात असतानाच कोणीतरी नागपूरला हवामान असं कळवूनही टाकलं. तुम्ही ऐकलेली पहिली जीभ ती.

खरंच, खोटं कुठे होतं? त्या प्रश्नानं मला गुंडाळलं. मग लक्षात आलं की वीज कालचं हवामान होती. आज अडलंय ते तिनं केलेल्या जखमेमुळे. आणि हवामान म्हटलं की प्रवाशांना खोली नाही, जेवण नाही, ज्यानं त्यानं आपलं पाहावं. मी कारण बदलून घेतलं. ती दुसरी जीभ माझी.

तुम्ही नागपुरात बसला आहात हे मला ठाऊक होतं. नागपूरहून रूपालीला आलेला तुमचा नव्या सदऱ्यातला फोटो तिनं मला सकाळीच पाठवला होता. सही केली असती तर तुम्ही बारशाला पोहोचला असता. परक्या कोणाचा बाप असता तरी मी हेच केलं असतं, असं मला लिहायचं आहे. पण तुमच्याशी काय लपवू? मला आधी तुमचीच खिडकी दिसली.

दुपारनंतर गाडी आली. वर गेले. शेपटीचं सुकाणू जिथे बिजागरीवर फिरतं, तिथली विजेला वाट करून देणारी तारेची वेणी वितळून तुटली होती, आणि सुकाणूची कड कांद्याच्या सालीसारखी पापुद्र्यापापुद्र्यानं उकलली होती. खालून काहीच दिसत नव्हतं. तसंच उडालं असतं तर पडलं असतं का, हे मी सांगू शकत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. सुधाकरराव वर आले, ती कड बोटानं चाचपून खाली गेले.

आम्ही ते दुरुस्त केलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान तुम्हाला घ्यायला नागपूरला आलं. त्यावर सही माझी होती.

बक्षीस गेलं. पोरं माझ्याशी कामापुरतं बोलतात. विमान झाडणाऱ्या मथुराबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या की त्या पैशावर त्यांनी लेकीसाठी शिवणयंत्र पाहून ठेवलं होतं. त्या रागावल्यात, आणि मला तो राग खोडून काढता येत नाही. रात्रीची भाकर खरंच गोड लागत नव्हती. का ते आता तुमच्या पत्रावरून कळलं!

आईला नमस्कार, आर्वीला पापा. मायेची सावली अशीच राहू द्या.

तुमची,
रंजीता

---

बेला, जि. आदिलाबाद,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. रंजीता हिस बाबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवाच घरी आलो. तुहं पत्र पुण्यात वाचलं, रेल्वेत वाचलं, अन् इथं ओट्यावर बसून वाचलं. माही शिवी माह्याच लेकीले लागली. ती परत घेतो. भाकर पोटभर खात जा.

उडताना एका हातात डबा, अन् दुसरा हात मी सारा वेळ खिडकीखाली भिंतीले लावून बसलो होतो, धरायले दुसरं काई सुधरलं नाई म्हणून. तवा मले काय ठाऊक की त्या भिंतीच्या बाहेरून वीज धावून गेली होती! शेजारच्या विठाबाईच्या वावरातला मोहाचा रूख तुले आठवते? दोन मानसाच्या कवेत न मावनारा. त्याच्यावर पडली तर बुडापोतर चिरला, अन् अजून त्याच्या फटीत हात घालायले मानूस भेते. तीच वीज, अन् मधात वीतभर जाडीची भिंत, अन् आत लोकं पानी पिऊन राह्यले. मानसानं हे केलं कसं! काल सांजेले मी आभाळाकडं पाहत बसलो. तुही आई पुण्यात हाये म्हणून बरं, नाई तर म्हनली असती की म्हाताऱ्याले भूत लागलं. विमान दिसलं का मी आता उभा राहतो. आपसूक. आत कोनी असो.

बक्षिसाचं म्हनशीन तर आपल्या आदिलाबादच्या भाजीबाजारात एका अडत्यानं हमालायले लवकर गाडी रिकामी करायचं बक्षीस लावलं होतं. गाड्या झटक्यात रिकाम्या झाल्या. टमाट्याचा रस्सा झाला. हमाल काई बदमाश नव्हते, त्यायले लेकरं होती. ज्यानं बक्षीस लावलं त्यानं टमाट्याचा इचारच नाई केला. तुह्या सुधाकररावाचं बी तसंच असन. त्यायच्यावर राग धरू नको.

पन मथुराबाईचा राग तिचा हाये. तिच्या लेकीचं यंत्र खरंच गेलं. तू बरोबर होती म्हणून तिनं खूश व्हावं, हे काई बरोबर नाई. तिले नमस्कार करत जा, अन् ती बोलली नाई तरी करत जा.

रूपालीनं मले इचारलं की बाबा, बारसं हुकल्याचं अजून वाईट वाटते का. मी सांगतलं की वाटते. वाटू दे. आर्वीचं नाव मी तिच्या कानात पुन्हा एकदा सांगतलं, आपल्या आपनच. तिनं माही मिशी वढली.

तब्येतीले जप. आमच्या मनातून तू हलत नाई, हे ध्यानात ठेव.

तुहा बाबा

---

हैदराबाद,
दि. २१ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांना रंजीताचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र खिशात ठेवून कामावर जाते. मथुराबाईंना रोज नमस्कार करते. परवा त्यांनी मान हलवली. तेवढंच. मला तेवढंच पुरतं.

बक्षिसाची पद्धत तीच आहे, बाबा. नव्या तिमाहीचा फलक लागला, त्यावर तेच सारे शब्द. वरच्यांना सुधाकररावांनी एक निवेदन दिलं आहे की विमान रद्द न होण्याचं बक्षीस तपासणाऱ्यांच्या गळ्यात बांधू नका, निदान झाडणाऱ्या बायांना तरी त्यातून सोडवा. उत्तर आलेलं नाही. येईल की नाही ठाऊक नाही. मी त्यांच्यावर राग धरलेला नाही.

काल मात्र असं झालं. सकाळच्या विमानाच्या इंजिनात पक्षी शिरल्याची शंका होती. मी शिडीवर चढून इंजिनाच्या तोंडात वाकले. आतली पाती तुम्ही पाहायला हवी होती, बाबा. बोटानं ढकलली तर हलकेच फिरतात, आणि तीच एवढ्या माणसांना आभाळात ओढून नेतात. मी एकेक पातं हातानं चाचपत होते. खाली गडबड ऐकू आली. व्यवस्थापक आले होते, प्रवासी दाराशी उभे होते, किती वेळ लागेल ते त्यांना आत्ताच हवं होतं. मी उत्तर द्यायला डोकं बाहेर काढणार, तोच सुधाकरराव शिडीच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. महिनाभर माझ्याशी न बोललेला माणूस. शिडी दोन्ही हातांनी धरली आणि व्यवस्थापकांना शांतपणे सांगितलं की ती खाली उतरेल तेव्हा विमान वर जाईल.

मी पुन्हा आत वाकले आणि पुढचं पातं हातात घेतलं.

आईला सांगा की मी पोटभर जेवते. तुमचा हात डोक्यावर आहे तसाच राहू द्या.

तुमची लाडकी,
रंजीता