वायर तुटल्यावर काटा कुठे जावा

मी, हेमा श्रीनिवास उकिडवे, वय ७२, राहणार सहकारनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो वाचूनही ज्याला शंका येईल त्याने स्वतःची तपासून घ्यावी. २०१९ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

१. सहकारनगरची राहती सदनिका व बँकेतील ठेवी माझा मुलगा शौनक यास द्याव्यात. त्याने तिथे राहावे किंवा ती विकावी. माझ्या फोटोसाठी भिंत अडवून ठेवू नये.

२. माझे दागिने सून अपूर्वा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. शौनक हिंजवडीहून ‘निघालोच’ असे कळवतो आणि त्यानंतर तासाभराने खरोखर निघतो.

३. माझ्या थोरल्या दिरांना काहीही नाही. श्रीनिवास गेल्यावर ‘बाईच्या हातात कारखाना टिकायचा नाही’ असे म्हणून त्यांनी जाताना ऑफिसचा टेबलफॅन नेला. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा. मी तो मागितलेला नाही आणि विसरलेलेही नाही.

४. धायरीतील कारखाना. हे कलम लांबणार आहे. वकीलसाहेबांनी ते कापायला सांगितले होते. मी कापलेले नाही.

आम्ही ट्रान्समीटर बनवतो. भट्टीतल्या तारेचा विद्युतरोध तापमानाबरोबर वाढतो. तो मोजून कंट्रोल रूमकडे सिग्नल पाठवणारी, तळहातावर मावेल एवढी ही वस्तू. ती तार तुटली तर काय करायचे, हे ट्रान्समीटरमधली एक छोटी पिन ठरवते. पिन एका बाजूला लावली तर कंट्रोल रूममधला तापमानाचा काटा एकदम वर जातो, ‘फार तापले’ असे समजून हीटर बंद होतो. दुसऱ्या बाजूला लावली तर काटा खाली पडतो, आणि हीटर बिचारा गार समजून तापवतच राहतो.

मार्च २०११ मध्ये एका रंगाच्या कारखान्यासाठी आम्ही चाळीस नग केले. मागणी ‘काटा वर’ अशी होती. तपासणी आमचे मुख्य कारागीर अभय दुधाणे करत. त्या आठवड्यात ते बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होते. माल अडू नये म्हणून तपासणीच्या कोऱ्या तक्त्यांवर सह्या करून गेले होते. मी अठ्ठावीस नग तपासले. टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत होता. उरलेल्या बारांपुढे मी न तपासताच बरोबरच्या खुणा केल्या. मला घाई होती, एवढेच. काही मोठे कारण असते तर बरे वाटले असते.

त्या बारांपैकी एकाची पिन उलटी होती. जुलैत त्या रंगाच्या कारखान्यात भट्टीची तार तुटली, काटा खाली गेला, भट्टीतले तेल तापत राहिले आणि पाइपचा सांधा फुटला. समोर भैरू मानकर नावाचा कामगार उभा होता. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशीचे अधिकारी आमच्याकडे आले. ‘तपासणी कोणी केली?’ माझे तोंड उघडण्याआधीच अभय म्हणाले, ‘मी. सही माझी आहे.’

अधिकारी गेल्यावर मी विचारले, ‘अभय, असं का केलंत?’

‘मॅडम, कोऱ्या कागदावर सही केली ही माझी चूकच आहे. तुमचं नाव आलं तर कंपनी बंद पडेल, एकोणीस माणसं घरी बसतील. तुम्ही आत्ता काही बोलू नका.’

‘आत्ता’ या शब्दाचा अर्थ मी सोयीने ‘कधीच’ असा लावला. अभयनी नोकरी सोडली. या धंद्यात त्यांना पुन्हा कोणी उभे केले नाही; ते गुलटेकडीला पंखे आणि मिक्सर दुरुस्त करू लागले. दोन वर्षांनी मला उत्कृष्ट उद्योजिका म्हणून शाल मिळाली. मी ती घेतली.

गेल्या वर्षी धीर करून मी भैरूकडे गेले. खडकवासल्याच्या पुढे त्याचे गाव आहे. त्याने डाव्या हाताने चहा ओतला. म्हणाला, ‘अभय सायेब दर दिवाळीला येत्यात, माफी मागत्यात. लई येळा सांगितलं, झालं गेलं. पन त्यास्नी चैन पडत न्हाई. तुमी कोन म्हनायच्या?’

‘त्यांच्या ओळखीची,’ असे सांगून मी परत आले.

या ऑगस्टमध्ये मी हे सगळे लिहून काढले, मृत्युपत्रात कारखाना अभयच्या नावे केला आणि त्यांना वाचायला बोलावले. त्यांनी वाचून चष्मा काढला.

‘मॅडम, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं?’

‘हो.’

‘मग भैरूने काही विचारलं तर उत्तर कोण देणार? पुन्हा मीच?’

पुढच्या रविवारी आम्ही दोघे भैरूकडे गेलो. मी भैरूला सांगितले: पिन, बारा खुणा, टेम्पोचा हॉर्न, सगळे. तो माझ्याकडे न बघता अभयना म्हणाला, ‘म्हंजी चौदा वर्सं तुमी खोटी माफी मागत व्हता?’

‘सही माझी होती भैरू. तेवढ्यापुरती खरी होती.’

मग तो माझ्याकडे वळला. ‘बाई, माफ केलं आसं मी आज म्हननार न्हाई. पुन्यांदा या.’

त्यानंतर मी दोनदा गेले. तो शब्द अजून आलेला नाही. चौकशी केलेल्या कार्यालयालाही मी सही करून सगळे लेखी कळवले आहे. प्रत सोबत आहे.

५. अभयनी कारखाना घेण्यास नकार दिला आहे. म्हणून धायरीचा गाळा भैरू मानकर यास द्यावा. त्याने मला माफ केले वा न केले, याचा या कलमाशी काहीही संबंध नाही. यंत्रे, हत्यारे व चालू धंदा सध्याच्या अकरा कामगारांत समान वाटून द्यावा. शौनकने यावर हरकत घेऊ नये. त्याच्याशी बोलणे झाले आहे. तो चिडला, मग दुसऱ्या दिवशी आपणहून म्हणाला, ‘आई, पुढच्या वेळी भैरूकडे जाताना गाडी मी काढतो.’

६. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. अभय म्हणाले, ‘मग मला काहीच देऊ नका. साक्षीदार मी होतो.’ म्हणून त्यांच्या नावे इथे काही नाही.

येत्या रविवारी भैरूकडे जायचे आहे. तेव्हा हे मृत्युपत्र अमलात आणण्याची घाई कोणी करू नये. मीही करणार नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

हेमा श्रीनिवास उकिडवे

साक्षीदार:
१. डॉ. निशा आगटे, सहकारनगर
२. अभय विठ्ठल दुधाणे, गुलटेकडी

पुणे, १२ नोव्हेंबर २०२५