काकवीचा फेस

अल रीम, अबुधाबी
शुक्रवार

प्रिय वृंदा,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का?

आल्याची बिअर पुन्हा केली. नावालाच बिअर, काळजी नको. बाटल्या भरताना फेसासाठी थोडी साखर घालतात. तिच्याऐवजी काहींत इथला खजुराचा पाक घातला, काहींत तू दिलेली काकवी. काकवी जास्त पडली. हात चुकला की मुद्दामच सैल सोडला, माझं मलाच ठरवता येत नाही.

आज काकवीची पहिली बाटली उघडली, तर फेस टेबलभर! मी ओरडलो, "वृंदा, फडकं आण गं, लवकर!"

मग मीच उठून आणलं.

उरलेल्या बाटल्या बाहेर ठेवल्या तर फुटतील, म्हणून फ्रिजमध्ये ठेवल्यात. तिथे जागा भरपूर आहे. डिसेंबरात नक्की येतेस ना?

तुझाच,
अविनाश