पायाखाली पाया घातलेले घर

मी, मांसविक्रीच्या दुकानाची मालकीण, विधवा, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र तोंडाने सांगत आहे आणि वकीलबाई ते लिहून घेत आहेत. माझ्या उजव्या हाताची बोटे मोडली आहेत, डोके मोडलेले नाही. कोणी मला धमकावलेले नाही. ज्याने धमकावले होते तो याच रुग्णालयात खालच्या मजल्यावर पाय टांगून पडला आहे. उद्या माझे ऑपरेशन आहे. मोडलेली बरगडी आत लागली आहे आणि मी टेबलावरून उठेनच असा शब्द डॉक्टर देत नाहीत. म्हणून जे माझे आहे त्याची व्यवस्था आजच लावते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वेळच मिळाला नाही.

एक. घर. खाली दुकान, मागे थंड कोठी, वर तीन खोल्या. घर स्वकष्टार्जित असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. या घराचा पाया एकदा खचला होता आणि त्याच्याखाली नवा पाया घालून घर सावरलेले आहे, हे इथे ठळक अक्षरांत लिहावे. ज्याला घर मिळेल त्याला हे माहीत असले पाहिजे, आणि पुढे कधी विकले तर घेणाऱ्यालाही.

आम्हालाही ते कोणी लपवून विकले नव्हते. विकणारे नवरा-बायको दोघे शिक्षक. आम्ही उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच बाई म्हणाल्या, "आधी ऐकून घ्या, मग आत या. जमिनीखालचा नळ फुटला आणि हा कोपरा खचला. आम्ही खालून नवा पाया भरून घेतलाय." आधीची गिऱ्हाइके म्हणे एवढे ऐकून फाटकातूनच परत गेली. त्यामुळेच किंमत आमच्या आवाक्यात आली होती.

माझा दीर सोबत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दोघांच्या तोंडावर तो म्हणाला, "दादा, टेकू लावलेलं घर आहे हे. वहिनीला काय कळतंय? बायकोच्या नादानं पोराबाळांच्या डोक्यावर छत पाडशील." माझा नवरा बोलून उत्तर देणाऱ्यांतला नव्हता. त्याने सख्ख्या भावाच्या तोंडावर असा ठोसा मारला की दोन दात फरशीवर पडले. दिराने शिक्षकांचीच खुर्ची उचलून नवऱ्याच्या पाठीत घातली. बाईंनी दोघांनाही पाणी आणून दिले. ते प्यायला थांबले तेवढ्यात मी विचारले, "पाया बघता येईल का?"

पाया भरणाऱ्या मिस्त्रीला बोलावले. त्याला सगळे पायावाला म्हणतात. बढाईखोर माणूस, तोंडाला दारूचा वास. पण त्याने भिंतीच्या कडेला खड्डा खणून दाखवला. "वहिनी, भिंतीखालची माती एकदम काढायची नसते. काढली की घर डोक्यावर. थोडं उकरायचं, काँक्रीट भरायचं, ते पक्कं होऊ द्यायचं, मग मधलं सोडून पलीकडं उकरायचं. वर माणसं खुशाल जेवतायत, झोपतायत. आता बाकीचा रस्ता आडवा होईल, हा कोपरा नाही." मी खड्ड्यात उतरून हाताने चाचपले आणि नवऱ्याला म्हटले, "अहो, घेऊन टाकू." तेव्हापासून या घराच्या भिंतींना केसाएवढी नवी भेग गेलेली नाही.

हे घर मी माझ्या सुनेला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. मुलाला नाही.

दोन. मुलाला का नाही. वकीलबाई म्हणतात, कारण लिहिलेच पाहिजे असे नाही. मी म्हणते, लिहा. एकुलता एक पोटचा पोर वगळला तर लोक बाईलाच वेडी ठरवतात.

लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात त्याने बायकोचे गळ्याजवळचे हाड मोडले. कारण काय, तर ती गिऱ्हाइकाशी हसून बोलली. ती माहेरी गेली. "भांड्याला भांडं लागायचंच," असे म्हणून बापाने तिला परत आणून सोडली. त्या दिवशी मी तिच्या खोलीला आतून कडी बसवली. मुलाने ती लाथेने उखडली. मी त्याहून जाड बसवली. तो दारावर लाथा घालत होता तेव्हा मी त्याच्या पाठीवर झाडूचा दांडा मोडला, त्याने मला भिंतीवर आपटले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकान वेळेवर उघडले.

तीन. परवाची हकीकत. मुलाने मला न विचारता घराला गिऱ्हाईक आणले. त्या गिऱ्हाइकाला घर घ्यायला बँकेचे कर्ज हवे होते, आणि त्यासाठी या घराचा पाया कधी खचला नव्हता असे मालकिणीने लिहून द्यायचे होते. दुपारी शटर अर्धे पाडून मुलाने तो कागद मांस तोडायच्या ओंडक्यावर ठेवला.

"सही कर."

"हे खोटं आहे."

"जमिनीखाली काय आहे ते कोण बघतंय? बँकवाले काय खड्डा खणणार आहेत?"

"मी खणून घेतला होता."

मी पेन घेतला आणि कागदावर आडव्या मोठ्या अक्षरांत लिहिले की या घराच्या पायाखाली पाया घातलेला आहे. शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत त्याने सत्तूर उलटा धरून माझ्या हातावर घातला. धारेने घातला नाही, एवढी लेकराची माया. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, मी रोज हाडे फोडते. मग केस धरून त्याने मला कोठीच्या दगडी पायरीवर आपटले आणि वरून लाथ घातली. मी उताणी पडून छताकडे बघत होते. श्वास आत जात नव्हता. तो ओरडत होता, "मर इथंच! बाकीचं मी बघून घेतो."

यानंतर शटर ओढायच्या लोखंडी दांड्याने त्याचे दोन्ही गुडघे फुटले. ते मी फोडले.

आता तो म्हणतो, माझे गुडघे बायकोने फोडले. सुनेनेही पोलिसांना "हो, मीच मारलं" असे सांगितले आहे. ते खरे धरू नये. तिला मार अंगावर घ्यायची सवय आहे, तसा आळही घेते. दांडा तिच्या हातात सापडला, कारण शटर वर करून माणसे बोलवायला मीच तो तिच्याकडे दिला. त्याआधी ती वरच्या खोलीत होती, आतून कडी लावून.

वकीलबाईंनी इथे पेन थांबवला आणि विचारले, "आजी, उजवा हात मोडला होता ना?"

"डाव्यानं मारलं."

"श्वास घेता येत नव्हता म्हणालात."

"पोराला हाणायला आईला श्वास कुठं लागतो?"

हे प्रश्नही लिहून घ्या म्हटले. कोर्टात कोणीतरी विचारणारच, तर उत्तर तयार असावे. सून तुरुंगात गेली आणि तो कुबड्या टेकत माझ्या घरात शिरला, असे मला व्हायला नको आहे. माझ्या पश्चात तिने काही वेगळे सांगितले तर सासूच्या दुःखाने तिच्या डोक्यावर परिणाम झाला असे समजावे.

चार. दुकान, वजने, सुरे, करवत आणि पोलिसांनी परत दिला तर तो सत्तूर, सगळे सुनेचे. मुलाला एकही धारदार वस्तू देऊ नये, भाजीची सुरीसुद्धा. त्याला दोन कुबड्या घेऊन द्याव्यात, चांगल्या लाकडाच्या. पोटचा गोळा आहे. बँकेतली शिल्लक ऑपरेशनच्या खर्चानंतर सुनेसाठी वकील करायला वापरावी, कोणी तिला छळलेच तर.

पाच. दीर. तो आज पुतण्याच्या बाजूने जबाब द्यायला आला आहे. माझ्याच दुकानातून इतकी वर्षे फुकट मांस नेले आणि आता खाल्ल्या घरचे वासे मोजतो. त्याला काही नाही. त्याचे दोन दात घरात कुठे सापडले तर तेवढे द्यावेत.

सहा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई करतील. सून दाराबाहेर बसली आहे, पोलिसांनी तिला अजून नेलेले नाही. आत आली की मध्येच बोलते, म्हणून बाहेर बसवली आहे. आत्ताही तिथूनच म्हणते आहे, "आई, असं नका ना लिहू." दार लावून घ्यायला सांगितले आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. सही करता येत नाही म्हणून साक्षीदारांसमोर डाव्या अंगठ्याचा ठसा देते.

स्थळ: रुग्णालय, बायकांचा कक्ष, खिडकीजवळची खाट.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. आकडा वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातला आहे.

साक्षीदार पहिला: पायावाला मिस्त्री. आज पिऊन आलेला नाही. आल्याआल्या त्याने विचारले, "वहिनी, घर पडलं काय?" नाही म्हटल्यावर, "मग कुठं सही करू?" म्हणाला आणि केली.

साक्षीदार दुसरे: माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर. त्यांनी तिसरे कलम दोनदा वाचले. बंद दाराकडे बघितले. मग माझा डावा हात हातात घेऊन म्हणाले, "आजी, दाबा बघू." मी होता नव्हता तेवढा जोर लावला. त्यांनी सही केली आणि तिच्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे. डाव्या हातात भरपूर ताकद आहे.