भाऊजींच्या वर माझं नाव

मंगळवार, संध्याकाळ

आज नेटवर ‘सोलापुरी शेंगाचटणी’ शोधलं, तर माझी वेबसाइट सगळ्यात वर! भाऊजींच्या दुकानाची दुसऱ्या पानावर गेली. तीसुद्धा मीच उभी केली होती. पासवर्ड बदलून याच दिरानं मला बाहेर काढलं.

महिनाभर रील्स बघितल्या. कमेंटमध्ये जो तो ‘प्रवासात टिकणारी चटणी’ विचारत होता. माझ्या वेबसाइटवर शेंगाचटणीचं पान त्याच शब्दांत लिहिलं, तशीच रील टाकली. ती चालली आणि लोक पानावर येत गेले.

मघाशी भाऊजींचा फोन आला. “वैनी, आमचं नाव खाली कसं गेलं? जरा बघा की.”

“बघितलं की. लई खाली हाय.”

दया यायला हवी होती का? नाही आली. नेटवर ‘कडक भाकरी’ शोधलं, तर अजून तेच पहिले दिसतात. दिसू देत चार दिवस.