एकाच नावाची दोन बटणं

मंगळवार संध्याकाळ, शिरवळ

माजी सैनिकांच्या संघटनेची वेबसाइट मी केलीय, हे आज कुणाला सांगायचीही लाज वाटतेय. प्रत्येक सभासदाच्या खात्यात एकाच पानावर दोन फॉर्म ठेवले. वर पत्ता बदलण्याचा, खाली सभासदाचं निधन कळवण्याचा. दोन्ही बटणांवर 'जतन करा', आणि कोडमध्येही दोन्हींना एकच नाव. आळस, दुसरं काय? त्यामुळे खालचं बटण दाबलं तरी वरचा फॉर्मच जायचा, रिकामा.

दुपारी आटपाडीहून एका सुभेदारांच्या पत्नीचा फोन आला. त्यांनी नवऱ्याचं निधन कळवलं, तर मोबाइलवर मेसेज आला: 'आपला नवीन पत्ता जतन झाला आहे.'

"सायेब, ह्यांचा नवा पत्ता कुटला म्हनायचा?" रागानं नाही, खरंच विचारत होत्या.

मी माफी मागितली, फॉर्म पुन्हा भरायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "परत लिवू व्हय?"

बटणांना आता वेगळी नावं दिलीत. पाच मिनिटांचं काम होतं. पण यादीत सुभेदार अजून हयात आहेत, पत्ता कोरा. बाईंचा फॉर्म आलेला नाही. मी सारखं पान रिफ्रेश करून बघतोय, आणि तो येऊच नये असंही वाटतंय.