माझी नऊ वर्षांची मुलगी बस चालवण्यास अपात्र ठरल्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
विद्यार्थी चाचणी व वर्गवारी विभाग,
शिक्षण कार्यालय, तिसरा मजला.

विषय : इयत्ता चौथीतील माझ्या मुलीस बुद्धिमापन चाचणीत दोन वेळा ६१ गुण मिळाल्यामुळे 'संथ वर्गा'त बसविल्याबाबत, तसेच सदर चाचणी मुळात बसचालकांच्या भरतीची असल्याबाबत.

संदर्भ : १) शाळेचे पत्र, दि. ४ ऑगस्ट.
२) माझा अर्ज, दि. ७ ऑगस्ट.
३) आपले उत्तर, दि. १२ सप्टेंबर ("चाचणी विश्वसनीय आहे").
४) माझा दुसरा अर्ज, दि. १० ऑक्टोबर.
५) आपले उत्तर, दि. ६ नोव्हेंबर ("चाचणी विश्वसनीय आहे", या खेपेस गोल शिक्क्यासह).

महोदय,

१. मी, खाली सही करणारा अर्जदार, शहर बससेवेत एकोणीस वर्षे चालक आहे. मला एकच मुलगी. तिच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणून घरी आम्ही तिला 'तपासनीस' म्हणतो. आमच्या थांब्यावरील वेळापत्रकात नऊ नंबरची शेवटची फेरी सुटण्याच्या पाच मिनिटे आधीच पोहोचते, ही चूक तिने गेल्या वर्षी मला बोट ठेवून दाखवली. आगारात ती चार वर्षे कोणाच्याही लक्षात आली नव्हती. माझ्याही नाही, आणि मी ती फेरी रोज चालवत होतो.

२. जुलै महिन्यात शाळेत पंचेचाळीस मिनिटांची चाचणी झाली. मुलीस ६१ गुण मिळाले. पंच्याहत्तरच्या खालील मुलांसाठी आपल्या परिपत्रकानुसार 'संथ वर्ग' असतो. तो व्यायामाचे साहित्य ठेवण्याच्या खोलीत भरतो. एका भिंतीला गुंडाळलेल्या गाद्या, जाळीत हवा गेलेले चेंडू, वर एकच खिडकी. तेवीस मुलांना तेथे मणी ओवायला देतात. ओवून झालेल्या माळा संध्याकाळी सोडवून मणी पुन्हा डब्यात भरतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी अभ्यासक्रम तयार असतो.

३. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मुलगी दप्तर न उघडता बसून राहिली. "बाबा, मी संथ आहे म्हणे," एवढेच बोलली. मी समजूत घातली. तिसऱ्या आठवड्यात मी मुद्दामच तिला विचारले की नऊ नंबर आता कुठवर आली असेल. पूर्वी ती घड्याळाकडे न बघता सांगायची. ती म्हणाली, "मला कसं कळणार? माझे एकसष्ट आहेत." महोदय, मी घाबरलो. नोकरीत मी दोनदा ब्रेक निकामी झालेली गाडी थांबवली आहे, तेव्हाही असे झाले नव्हते.

४. माझ्या पहिल्या अर्जावरून आपण फेरचाचणीचा आदेश दिलात, त्याबद्दल आभारी आहे. फेरचाचणीत पुन्हा ६१ आले. दोन्ही निकाल सारखे असल्याने चाचणी विश्वसनीय असल्याचे आपण कळविले. मला अर्थ नीट न उमगल्याने मी शाळेत चाचण्या घेणाऱ्या बाईंना भेटलो. (मुले त्यांना चाचणीबाई म्हणतात. मीही तसेच लिहितो, यात अनादर नाही.) त्या म्हणाल्या, "विश्वसनीयता म्हणजे पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेच येणं."

"आणि जे मोजायचं तेच मोजलं जाण्याला काय म्हणतात?"

"त्याला सप्रमाणता म्हणतात. ते तिसऱ्या मजल्यावर, वेगळ्या टेबलाकडे आहे."

मी रजा काढून तिसऱ्या मजल्यावर आलो. सप्रमाणतेच्या टेबलावर एक झाकून ठेवलेले टंकलेखन यंत्र व सुकलेले रोप होते. शेजारच्या टेबलावरील लिपिकाने सांगितले की ते पद सहा वर्षे रिक्त आहे. "पण तुमचं अडलंय कुठे? विश्वसनीयतेचे दोघं जण आहेत की आमच्याकडे."

आमच्या आगारात एका बसचा वेगाचा काटा गाडी उभी असतानाही चाळीस दाखवतो. काल चाळीस, आज चाळीस. आपल्या व्याख्येप्रमाणे तो विश्वसनीय आहे. आम्ही त्याच्यावर पट्टी चिकटवली आहे.

५. दि. ३ ऑक्टोबर रोजी पालकांना उत्तरपत्रिका पाहण्याची मुभा होती. ड्युटीवरून थेट गेल्याने मी गणवेशात होतो. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत चाचणीबाईंनी पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. प्रश्न अकरा : चौकात चार वाहने एकाच वेळी आल्यास आधी कोणी जावे? प्रश्न सतरा : आरशात मागील वाहन दिसेनासे झाल्यास ते कोठे असू शकते? प्रश्न तेवीस : ब्रेक लागत नसल्यास आपण प्रथम काय कराल? याला माझ्या मुलीने लिहिले होते, "बाबांना हाक मारेन." शून्य गुण. प्रश्न सव्वीस : प्रवाशांत भांडण झाल्यास? तिने लिहिले होते, "दोघांचं ऐकून घेईन." शून्य. बरोबर उत्तर "गाडी कडेला घेणे" असे आहे.

ही पुस्तिका मला ओळखीची वाटू लागली. एकोणीस वर्षांपूर्वी आगाराच्या उपाहारगृहात लाकडी बाकावर बसून मी हीच सोडवली होती. प्रश्न तीसमधील बसला चित्रकाराने पाच चाके काढली आहेत. तेव्हा मी त्यावर हात वर केला होता व मला गप्प बसविण्यात आले होते. मुखपृष्ठावर 'बुद्धिमापन चाचणी' अशी चिठ्ठी होती. मी तिचा कोपरा नखाने उचलला. खाली छापले होते : 'चालक निवड. पुस्तिका ख.'

चाचणीबाई खाली बघू लागल्या. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "वरून जो गठ्ठा येतो तो आम्ही वापरतो. चिठ्ठीखाली बघायचं असं परिपत्रकात कुठेही नाही."

मागील पानावरील तक्ता मी वाचला. माझ्या मुलीची तुलना तीनशे चाळीस प्रौढ उमेदवारांशी झालेली असून त्यांची किमान उंची व दृष्टीही तेथे नमूद आहे.

६. खात्री व्हावी म्हणून मी तेथेच बसून चाचणी सोडवली. मला १२८ गुण मिळाले. मुख्याध्यापिकाबाईंनीही माझ्या विनंतीवरून सोडवली. त्यांचे गुण गोपनीय आहेत. त्यानंतर दोन दिवस त्या रजेवर होत्या.

पुढील आठवड्यात शाळेकडून मला पत्र आले. चाचणीत १२० पेक्षा अधिक गुण मिळाल्याने माझी निवड 'प्रगत वर्गा'त झाली असून पालकाच्या सहीचे संमतिपत्र तीन दिवसांत द्यावे, असे त्यात होते. माझ्या आईने सही केली. मी शाळेत असताना तिला असे पत्र कधीच आले नव्हते, त्यामुळे ते तिने समोरच्या खोलीत लावले आहे.

हे सर्व मी दुसऱ्या अर्जात कळविले. त्यावर आपण उत्तर दिलेत की, अर्जदारास भरतीच्या वेळीही १२८ गुण मिळाल्याचे आगाराच्या नोंदीवरून दिसते, सबब चाचणी विश्वसनीय आहे.

७. आपले म्हणणे शिरसावंद्य मानून मी प्रगत वर्गातील सहा मुलांची यादी आगार व्यवस्थापकांना दाखवली, कारण आमच्याकडे नऊ चालक कमी आहेत. त्यांनी गुण पाहून समाधान व्यक्त केले. मुलांचे पाय ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत, एवढीच त्यांची हरकत आहे.

८. आता मुख्य मुद्दा. आपले दुसरे उत्तर आले त्या दिवशी मी मुलीला सगळे सांगितले. तोवर सांगितले नव्हते, आपला आदेश हाती पडल्यावरच सांगावे असा विचार होता. पाच चाकांच्या बसचे ऐकून ती हसली. तीन महिन्यांनी हसली. "म्हणजे मला बस चालवता येत नाही, एवढंच?"

"एवढंच."

ती उठून दप्तर घेऊन बसली. मला वाटले, माझ्यापुरते काम झाले. थोड्या वेळाने तिने विचारले, "आणि बाकीच्या बावीस जणांना कोण सांगणार?"

महोदय, माझे याआधीचे दोन्ही अर्ज काढून पाहावेत. त्यांत 'माझी मुलगी' हे शब्द एकूण चौदा वेळा आले आहेत. बावीस मुलांचा उल्लेख एकदाही नाही. मला लाज वाटली.

९. दि. १० नोव्हेंबर रोजी माझी साप्ताहिक सुट्टी असतानाही मी गणवेश घालून शाळेत गेलो. साहित्याच्या खोलीचे दार चाचणीबाईंनी स्वतः उघडले. मी मुलांना सांगितले की मी बस चालवतो, आणि तुम्हाला दिलेला पेपर माझ्या नोकरीचा होता. मग मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "मग आम्ही नापास कशात झालो?"

मी म्हटले, "माझ्या परीक्षेत. तुमची अजून कोणी घेतलेलीच नाही."

त्याच दुपारी चाचणीबाईंनी मण्यांचा डबा कपाटात ठेवून मुलांना चौथीचे गणित शिकवायला घेतले. तसा आदेश त्यांना नाही. त्या मला म्हणाल्या, "मी चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीच उचलून पाहिली होती. मग परत चिकटवली." ही गोष्ट अर्जात लिहावी असे त्यांनीच सांगितले, म्हणून लिहिली आहे. त्यांच्यावर कारवाई करू नये. करायचीच असल्यास गठ्ठा पाठविणाऱ्यापासून सुरुवात करावी.

१०. तरी विनंती की :
(अ) तेवीसही मुलांना त्यांच्या मूळ वर्गात बसविण्यात यावे. एकट्या माझ्या मुलीस बसविण्याचा आदेश निघाल्यास तो मी स्वीकारणार नाही. तीही स्वीकारणार नाही, मी विचारले आहे.
(आ) सप्रमाणतेच्या टेबलावर कोणी तरी माणूस बसवावा.
(इ) पुस्तिकांचा गठ्ठा आगारास परत करावा. तेथे त्याचा खरोखर उपयोग आहे.
(ई) माझा प्रगत वर्गातील प्रवेश रद्द करावा. सकाळची पाळी असल्याने हजेरी जमत नाही.

उत्तर या वेळी वेगळे असेल अशी आशा बाळगणारा,

आपला नम्र,
(सही)
चालक, बिल्ला क्रमांक ४१८
दि. १७ नोव्हेंबर

सोबत :
१) मुलीचे दोन्ही निकाल (एकसारखे).
२) मुखपृष्ठावरील चिठ्ठी, अर्धी निघालेली.
३) बावीस पालकांच्या सह्या. दोघांनी अंगठा दिला आहे, तोही धरावा.
४) माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पान. खोलीतील बावीस मुलांपैकी प्रत्येकाला काय येते, हे तिने तीन महिने शेजारी बसून पाहिले व नावापुढे लिहिले आहे. कोणाला उलटी अक्षरे वाचता येतात, कोणाला बिघडलेले कुलूप उघडता येते, कोणाला रडणारे मूल गप्प करता येते. एकाही नावापुढची जागा रिकामी नाही. या पानाची विश्वसनीयता तपासलेली नाही. सप्रमाणता मात्र मी त्या खोलीत स्वतः पाहून आलो आहे.